परिचारिकांचा तुटवडा : संशोधनावरचा खर्च कामी येतो का?

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे एकच सिस्टर असणं महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. रात्री आठला तिने ओव्हर घेतली आणि सकाळी आठला दिली, तर हाताशी बारा तास, म्हणजे ७२० मिनिटं. माणशी अठरा मिनिटं. तेवढ्यात अँटिबायोटिक्स विरघळवून हळूहळू शिरेतून द्यायची, सलाईन संपलं की बदलायचं, बीपी, ताप, साखर बघून चार्टवर चढवायची, लघवीच्या पिशवीचं माप घ्यायचं, नवी ॲडमिशन आली की तिचे कागद करायचे, औषधांचा हिशेब लिहायचा आणि घाबरलेल्या नातेवाइकांना धीरही द्यायचा. एखादा रुग्ण बिघडला की बाकी एकोणचाळीस जणांच्या वाट्याची मिनिटं त्याच्याकडे जातात. त्याच वेळी दुसरा कुणी बिघडला, तर ते कुणाच्या लक्षात येईलच अशी खात्री देता येत नाही.

या सिस्टरला कुणी सांगितलं की परिचारिकांच्या तुटवड्यावर संशोधन करायला निधी हवा आहे, तर ती विचारेल, पैसा आहे तर आणखी दोघींना नेमत का नाही? प्रश्न रास्त आहे. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि थोडंफार भारतातही या विषयावर संशोधन झालं, त्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला. त्यातून वॉर्डात काय बदललं आणि काय नुसतं कागदावर राहिलं, हे तपासल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नाही. हे संशोधन वाचून माझं मत असं झालं आहे : संशोधनाने तुटवड्याचं खरं रूप कळतं, तो तसाच ठेवल्याची किंमत कळते आणि कोणता उपाय लागू पडतो तेही कळतं. पण निष्कर्षावर कृती करणं ज्यांच्यावर बंधनकारक आहे असं कुणी नसेल, तर त्या ज्ञानाने एकही पद भरलं जात नाही.

तुटवडा नेमका कशाचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि ५८ लाखांची उणीव आहे. जगातल्या ७८ टक्के परिचारिका ज्या देशांत आहेत, तिथे जगाची निम्मीच लोकसंख्या राहते. म्हणजे उणीव आहेच, पण वाटपही विषम आहे. श्रीमंत देशांत काम करणाऱ्या परिचारिकांपैकी २३ टक्के परदेशात जन्मलेल्या आहेत. त्या देशांची उणीव भरते तेव्हा दुसरीकडे कुठेतरी ती वाढते.

भारतात सरकारी उत्तरांमध्ये नोंदणीकृत परिचारिकांचा आकडा तेहतीस लाखांच्या पुढे सांगितला जातो. पण परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असणं आणि वॉर्डात उभं असणं वेगळं. निवृत्त झालेल्या, लग्नानंतर काम सोडलेल्या, आखाती देशांत किंवा ब्रिटनमध्ये गेलेल्या, दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदणी केलेल्या, हयात नसलेल्या, अशा सगळ्यांची नावं जुन्या नोंदींमध्ये राहतात. नोंदवही अद्ययावत करण्याचं काम त्यासाठीच हाती घ्यावं लागलं.

२०२१ मध्ये ‘ह्यूमन रिसोर्सेस फॉर हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हा फरक आकड्यांत मांडला. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियातल्या अनुप करण आणि सहकाऱ्यांनी परिषदांच्या नोंदींवर आधारलेली आकडेवारी आणि राष्ट्रीय नमुना पाहणीची २०१७-१८ ची माहिती शेजारी ठेवली. नोंदींनुसार देशात परिचारिका आणि प्रसविका २३ लाख ४० हजार. प्रत्यक्ष काम करणाऱ्या सुमारे १४ लाख. दर दहा हजार लोकांमागे नोंदींनुसार १७.७, कामावर असलेल्या १०.६, आणि पुरेशी पात्रता असलेल्या मोजल्या तर फक्त ६.

या एका अभ्यासाने प्रश्नच बदलतो. उणीव शिक्षणाच्या जागांची असती, तर महाविद्यालयं काढणं पुरेसं होतं. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपये खर्चून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं काढायचं ठरवलं, दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर वाढतील या हिशेबाने. ते आवश्यक होतं. पण शिकलेल्यांपैकी एवढ्या जणी कामावरच नसतील, तर नळ मोठा करण्याआधी टाकीला भोक कुठे आहे ते बघायला हवं. ते भोक शोधायला नवी पाहणीही लागली नाही. सरकारकडेच असलेली माहिती कुणीतरी नीट बसून जुळवली, एवढंच.

पेनसिल्व्हेनियातून आलेला आकडा

तुटवड्यावरच्या संशोधनात सर्वाधिक उद्धृत झालेला अभ्यास २००२ चा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी त्या राज्यातल्या १६८ रुग्णालयांतले शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्ण आणि तिथल्या दहा हजारांवर परिचारिकांची माहिती एकत्र पाहिली. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. ज्या रुग्णालयांत एका परिचारिकेकडे चारऐवजी आठ रुग्ण होते, तिथे ती ३१ टक्क्यांनी जास्त होती. रुग्ण वाढले की परिचारिकांचं थकून जाणं आणि नोकरीबद्दलचा असंतोषही वाढत होता.

हे कसं घडतं, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही उमजेल. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी रुग्णाचा श्वास मिनिटाला सोळावरून चोवीसवर जातो. नाडी थोडी वाढलेली. विचारलेल्याचं उत्तर तो जरा उशिरा देतो. बीपी अजून ठीक आहे, म्हणून घाईने बघणाऱ्याला काही वावगं वाटत नाही. जिने सकाळी त्याला पाहिलंय आणि आता त्याच्याजवळ दोन मिनिटं उभी आहे, तिच्या लक्षात येतं की हा सकाळचा माणूस नाही. ती रेसिडेंटला बोलावते, रक्त तपासायला जातं, अँटिबायोटिक बदलतं. ती फेरी चुकली तर चार तासांनी बीपी कोसळतो, आयसीयूत बेड शोधावा लागतो आणि कागदावर मृत्यूचं कारण म्हणून रक्तातला जंतुसंसर्ग लिहिलं जातं. वॉर्डात त्या रात्री परिचारिका किती होत्या, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. एकेन यांच्या अभ्यासाने ते मोठ्या प्रमाणावर मोजून दाखवलं.

या अभ्यासाला पैसा कुणी दिला हेही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये १९८६ मध्ये परिचर्या संशोधनासाठी वेगळं केंद्र सुरू झालं आणि १९९३ मध्ये त्याला पूर्ण संस्थेचा दर्जा मिळाला. तिथला हा निधी होता. आजही या संस्थेच्या वाट्याला राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या एकूण अंदाजपत्रकाचा अर्धा टक्काही येत नाही. तेवढ्याशा पैशातून आलेला आकडा पुढे दोन दशकं अनेक देशांच्या धोरणांत फिरत राहिला.

युरोपीय संघाच्या निधीतून नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांत असाच अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. चार लाख वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून पुन्हा तोच सात टक्क्यांचा निष्कर्ष निघाला. हे सगळं श्रीमंत देशांपुरतं असेल, ही शंका चिलीतल्या ४० रुग्णालयांच्या २०२१ च्या अभ्यासाने बरीच दूर केली. सरकारी रुग्णालयांत एका परिचारिकेकडे कितीतरी जास्त रुग्ण असतात, अशा त्या देशातही भार वाढला की मृत्यू वाढतात हेच दिसलं.

तरी एक आक्षेप उरतो. जिथे परिचारिका जास्त, तिथे पैसा, यंत्रं आणि डॉक्टरही जास्त असतील. मग मृत्यू कमी होण्याचं श्रेय नेमकं कुणाचं? याचं सर्वांत भक्कम उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने दिलं. तिथे जुलै २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांत ठरावीक वॉर्डांसाठी कायद्याने प्रमाण लागू झालं : दिवसा सरासरी चार रुग्णांमागे एक परिचारिका, रात्री सातामागे एक. कायदा न लागलेल्या २८ रुग्णालयांशी आधीची आणि नंतरची तुलना केली गेली. कायदा लागलेल्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण आधीपेक्षा लक्षणीय घटलं, इतरत्र घटलं नाही. पुन्हा दाखल होणं इतरत्र वाढलं, इथे वाढलं नाही. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. संशोधकांच्या अंदाजाने सुमारे १४५ मृत्यू टळले आणि वाढीव परिचारिकांवर जेवढा खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक पैसा रुग्णालयातले दिवस कमी झाल्यामुळे वाचला.

परिचारिका नेमणं हा खर्च आहे, असं अर्थखातं नेहमी म्हणतं. न नेमण्याचाही खर्च असतो आणि तो मोजता येतो, हे या अभ्यासाने दाखवून दिलं.

कायदा आधी, पुरावा नंतर

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की संशोधकांनी पुरावा दिला, सरकारांनी कायदे केले आणि प्रश्न सुटला. इतिहास तसा नाही. कॅलिफोर्नियाने परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा १९९९ मध्ये केला, एकेन यांच्या अभ्यासाच्या तीन वर्षं आधी. तो घडला परिचारिकांच्या संघटनेच्या लढ्यातून. अंमलबजावणी २००४ पासून झाली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातही २००० मध्ये प्रमाण ठरलं ते कामगार न्यायनिवाड्याच्या वाटेने, आणि कायद्याच्या पुस्तकात ते २०१५ मध्ये आलं. दोन्हीकडे जोर संघटनेचा होता.

संशोधनाने त्यानंतर महत्त्वाचं काम केलं, ते टिकवण्याचं. नियम शिथिल करण्याचे प्रयत्न झाले तेव्हा बचावाला पुरावा होता. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाची न्यूजर्सी आणि पेनसिल्व्हेनियाशी तुलना झाली. कॅलिफोर्नियातल्या परिचारिकांकडे सरासरीने एक रुग्ण कमी आणि मेडिकल-सर्जिकल वॉर्डांत दोन कमी होते. हेच प्रमाण इतर दोन राज्यांनी पाळलं असतं, तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू न्यूजर्सीत सुमारे १४ टक्के आणि पेनसिल्व्हेनियात ११ टक्के कमी झाले असते, असा अंदाज निघाला. पेनसिल्व्हेनियातच इतका मोठा पुरावा सापडला होता आणि तरी तिथे कायदा नव्हता, हे विसरू नये.

पुरावा असूनही माघार कशी होते, याचं उदाहरण इंग्लंडचं. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातल्या भयंकर हेळसांडीची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली आणि त्यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर ‘नाइस’ या संस्थेवर सुरक्षित मनुष्यबळाचे मार्गदर्शक निकष ठरवण्याची जबाबदारी आली. जुलै २०१४ मध्ये प्रौढांच्या वॉर्डांसाठी पहिला दस्तऐवज निघाला. दिवसपाळीत एका नोंदणीकृत परिचारिकेकडे आठांहून जास्त रुग्ण असले की धोका वाढतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या विभागांचं काम चालू असतानाच जून २०१५ मध्ये ते थांबवण्यात आलं. शेजारच्या वेल्सने मात्र २०१६ मध्ये कायदा केला. पुरावा दोघांपुढे एकच होता.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रमाणाचा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी तो फेटाळला. रुग्णालयांनी खर्चाची आणि सेवा बंद पडण्याची भीती घातली आणि ती भीती मृत्यूंच्या आकडेवारीपेक्षा प्रभावी ठरली. संशोधन नियतकालिकात छापून आलं म्हणजे लोकांपर्यंत पोचलं असं होत नाही.

एक भाकीत आणि त्याचं चांगलं फळ

जून २००० मध्ये पीटर ब्यूरहाऊस आणि त्यांच्या दोन अर्थतज्ज्ञ सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या परिचारिकांचं वाढतं सरासरी वय मोजून सांगितलं की तरुण मुली या पेशाकडे येईनाशा झाल्या आहेत आणि २०२० पर्यंत गरजेच्या सुमारे वीस टक्के परिचारिका कमी पडतील. इशारा गांभीर्याने घेतला गेला. २००२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने नर्सिंगकडे तरुणांना वळवण्यासाठी देशव्यापी मोहीम काढली, शिष्यवृत्त्या वाढल्या, कॉलेजांच्या जागा वाढल्या. २०११ मध्ये त्याच संशोधकांनी जाहीर केलं की २३ ते २६ वयोगटातल्या परिचारिकांची संख्या अनपेक्षित वेगाने वाढली आहे आणि आधीचा अंदाज आता लागू नाही.

मंदीमुळेही अनेक जणी नर्सिंगच्या खात्रीच्या नोकरीकडे वळल्या, त्यामुळे सगळं श्रेय अभ्यासाला देता येणार नाही. पण वीस वर्षं आधी कुणीतरी मोजलं म्हणून तयारी करायला वेळ मिळाला, एवढं नक्की. परिचारिका घडायला तीन-चार वर्षं लागतात, तिला शिकवणारी शिक्षिका घडायला आणखी दहा. ज्या राज्यात पुढच्या दहा वर्षांत किती अधिपरिचारिका निवृत्त होणार याचा जाहीर अंदाजच नाही, त्या राज्याला तुटवडा दरवेळी अचानक आल्यासारखा वाटणार.

येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांचा अभ्यास

भरतीइतकाच टिकण्याचा प्रश्न आहे. १९८३ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ नर्सिंगने उलट्या बाजूने सुरुवात केली. सगळीकडे परिचारिका सोडून जात असताना ज्या रुग्णालयांत त्या टिकतात, तिथे वेगळं काय आहे? अशी ४१ रुग्णालयं शोधून काढली. तिथे ड्युटीच्या वेळा ठरवताना परिचारिकेला विचारलं जात होतं, परिचर्येची प्रमुख व्यक्ती निर्णय घेणाऱ्यांच्या बैठकीत बसत होती, डॉक्टर परिचारिकेचं निरीक्षण गांभीर्याने घेत होते आणि शिकत राहायला वाव होता. या अभ्यासातून पुढे ‘मॅग्नेट’ ही मान्यता सुरू झाली. नव्या परिचारिकांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं की पहिल्याच वर्षात साधारण सहापैकी एक जण पहिली नोकरी सोडते.

भारतातही असं थोडं काम झालं आहे. कृष्णा राव आणि सहकाऱ्यांनी उत्तराखंड आणि आंध्र प्रदेशात डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थ्यांपुढे नोकऱ्यांचे वेगवेगळे पर्याय ठेवून विचारलं, की ग्रामीण भागात जायला तुम्हाला काय राजी करेल? २०१३ मध्ये आलेल्या या अभ्यासात दिसलं की डॉक्टरांना गावाकडे वळवणं फार कठीण आहे. परिचारिका मात्र पगार आणि कामाचं ठिकाण यांसारख्या गोष्टींना जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे हाच पैसा परिचारिकांवर लावला तर ग्रामीण केंद्रांना फळ लवकर मिळतं. एवढा कामाचा निष्कर्ष धोरणात किती उतरला, हे कुठल्याही दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बघता येईल.

पगाराबद्दल तर वेगळ्या अभ्यासाची गरजच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी श्रेणी सुचवली : दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार रुपये. केरळात परिचारिकांच्या संघटनेने रेटा लावला आणि २०१८ मध्ये राज्याने वेतनाची अधिसूचना काढली. बहुतेक ठिकाणी शिफारस शिफारसच राहिली. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिकांना कंत्राटी, बाह्ययंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर जावं लागलं. अकरा महिन्यांच्या करारावर राबणारी मुलगी जर्मन शिकायला का लागते, हे शोधायला निधी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जाणाऱ्यांना चांगलं आयुष्य मिळावं, यात वाद नाही. पण आपल्या जिल्हा रुग्णालयांवर त्याचा काय परिणाम होईल, हे मोजण्याची तरतूद अशा प्रत्येक करारासोबत असायला हवी.

शिकवणार कोण?

संशोधनाच्या निधीचा एक फायदा सहसा चर्चेत येत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये नर्सिंगच्या पदवी आणि पुढच्या अभ्यासक्रमांसाठी पात्र असलेले ९१ हजारांहून अधिक अर्ज परत पाठवावे लागले. मोठं कारण शिक्षकांची कमतरता. पीएच.डी. झालेली शिक्षिका घडते ती संशोधनाच्या प्रकल्पावर काम करून, शिष्यवृत्ती घेऊन. त्यामुळे संशोधनावरचा काही पैसा फिरून वर्गात येतो आणि वर्गातून वॉर्डात.

आपल्याकडे परिचर्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांचा एक ठरलेला साचा झाला आहे : अमुक विषयाच्या संरचित शिक्षण कार्यक्रमाचा तमुक गटाच्या ज्ञानावर झालेला परिणाम. चाळीस-साठ जणांना प्रश्नावली द्यायची, तासभर शिकवायचं, पुन्हा प्रश्नावली द्यायची, गुण वाढले की निष्कर्ष तयार. विद्यार्थिनींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना ना पैसा मिळतो, ना वेळ, ना रुग्णालयाच्या नोंदी. ज्या वॉर्डात त्या वर्षानुवर्षं काम करणार, तिथल्या भाराचा प्रश्न त्यांना विचारूच दिला जात नाही. बुद्धीची एवढी नासाडी कुठल्याच राज्याला परवडणारी नाही.

गडचिरोलीचा धडा, दोन्ही बाजूंनी

महाराष्ट्रात संशोधनाने मनुष्यबळाचा प्रश्न कसा हाताळला, याचं जगभर वाखाणलं गेलेलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं : वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावांशी तुलना झाली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटलं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ मध्ये देशभर आशांमार्फत सुरू झाला. शोधनिबंधापासून धोरणापर्यंत पोचायला बारा वर्षं लागली, पण तो पोचला.

जिथे परिचारिका पोचूच शकत नव्हती, तिथे हे काम जीव वाचवणारं ठरलं. मात्र यातून ‘कमी शिकलेलं, कमी पगाराचं माणूस लावलं तरी चालतं’ असा सोयीचा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. गडचिरोलीतल्या आरोग्यदूत नेमक्या कामासाठी कसून शिकवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर सतत देखरेख होती. आज मानधनावर राबणाऱ्या आशांवर एकामागून एक कामं लादली जातात, त्याला त्या संशोधनाचा आधार नाही. रुग्णालयातल्या वॉर्डाबद्दलचा पुरावा तर उलट सांगतो. सहा युरोपीय देशांच्या २०१७ च्या अभ्यासात दर पंचवीस रुग्णांमागे एका परिचारिकेच्या जागी साहाय्यक ठेवला, तर मृत्यूची शक्यता २१ टक्क्यांनी वाढते असं दिसलं. कुठलं संशोधन कुठे लागू आहे, हे न बघता वापरलं तर त्यातून तुटवडा झाकण्याचं निमित्त तेवढं मिळतं.

आपल्याकडे काय करता येईल?

मंजूर असलेली रिक्त पदं भरायला कुठल्याही नव्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवरच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातही परिचारिकांच्या रिक्त पदांवर बोट ठेवलेलं आहे. ‘अभ्यास चालू आहे’ हे कारण देऊन भरती थांबवली जात असेल, तर तो अभ्यास नको.

त्यानंतरचा प्रश्न मंजूर पदांच्या पुरेपणाचा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक असा आहे, अधिक तीस टक्के रजा-राखीव. कागदावर तो कॅलिफोर्नियाच्या बरोबरीचा वाटतो. पण तो पदं मंजूर करण्यासाठी वापरला जातो, तर कॅलिफोर्नियाचा आकडा प्रत्येक पाळीला, प्रत्येक तासाला लागू आहे. पाचांमागे एक धरून चाळीस खाटांच्या वॉर्डाला राखीव धरून दहा जणी मिळाल्या, तर तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, नाइट ऑफ, बाळंतपणाच्या रजा आणि प्रतिनियुक्त्या वजा करून रात्रीच्या वाट्याला एक किंवा दोन येतात. त्यातली काही पदं रिक्त असली की एकच उरते. लेखाच्या सुरुवातीचं माणशी अठरा मिनिटांचं गणित इथून येतं.

हे सिद्ध करायला लागणारी माहिती प्रत्येक रुग्णालयात आधीच पडून आहे. रात्री बाराला प्रत्येक वॉर्डात सेन्सस लिहिला जातो : किती रुग्ण होते, किती आले, किती गेले, किती दगावले. मेट्रन ऑफिसच्या ड्युटी रजिस्टरमध्ये त्या पाळीला कोण होतं ते असतं. ही दोन रजिस्टरं एकमेकांशी जोडली जात नाहीत, एवढंच. वीस-पंचवीस जिल्हा रुग्णालयांची तीन वर्षांची अशी माहिती जोडली, तर आपला स्वतःचा पुरावा उभा राहील, महाराष्ट्रातल्या वॉर्डांचा. मग सरकारने क्वीन्सलँडसारखं पाच-सहा रुग्णालयांत प्रत्येक पाळीचं प्रमाण पूर्ण पाळून बघावं आणि शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करावी. रुग्ण किती दिवसांत घरी गेले, किती परत आले, किती पैसा वाचला, हे मांडावं. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला कारण विचारून ते नोंदवावं : पगार, करार, राहायला जागा, रात्रीचा प्रवास, पाळणाघर, की वागणूक. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थिनींना या नोंदी खुल्या कराव्यात आणि प्रबंधासाठी थोडा पैसा द्यावा. प्रश्न ज्यांचा आहे, त्यांनीच तो अभ्यासायला हवा.

या सगळ्याला लागणारा निधी एका नव्या महाविद्यालयाच्या खर्चापेक्षा फार मोठा नसेल. अट मात्र दोन गोष्टींची हवी. पहिली, प्रत्येक रुग्णालयाने पाळीनिहाय परिचारिका आणि रुग्णांची संख्या जाहीर करावी, म्हणजे निष्कर्ष दडवता येणार नाहीत. दुसरी, प्रमाण कायद्यात यावं, म्हणजे इंग्लंडसारखं मध्येच काम थांबवता येणार नाही. कॅलिफोर्निया, व्हिक्टोरिया, केरळ, जिथे जिथे काही बदललं तिथे संघटित परिचारिकांचा रेटा होता. त्या रेट्याला पुराव्याची जोड मिळाली की तो परतवणं अवघड होतं.

म्हणून त्या सिस्टरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. दोघींना आधी नेमा, ती पदं मंजूरच आहेत. आणि त्याच वर्षी थोडा पैसा मोजण्यासाठी बाजूला काढा, कारण न मोजलेला मृत्यू कुणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही आणि जे दिसत नाही त्यासाठी तिसरं पद कधीच मंजूर होत नाही.